हवेतल्या हादऱ्यांचा अंदाज प्रवाशालाही हवा

लंडनहून सिंगापूरला निघालेले सिंगापूर एअरलाइन्सचे एसक्यू 321 हे विमान 21 मे 2024 रोजी म्यानमारमधल्या इरावतीच्या खोऱ्यावर 37,000 फुटांवर होते. विमान आधी किंचित थरथरले. वैमानिकांनी सीट बेल्टची खूण लावली. त्यानंतर बरोबर आठ सेकंदांनी, 0.6 सेकंदाच्या आत, प्रवाशांच्या शरीरावरचा भार गुरुत्वाकर्षणाच्या 1.35 पटीवरून उणे दीडपटीवर गेला. ज्यांचा पट्टा बांधलेला नव्हता ते छताकडे फेकले गेले आणि पुढच्या चार सेकंदांत तितक्याच जोराने खाली आदळले. 73 वर्षांचे एक ब्रिटिश प्रवासी दगावले, कित्येकांच्या डोक्याला आणि मणक्याला दुखापत झाली, विमान बँकॉकला उतरवावे लागले. त्या दिवशी जगभरच्या बातम्यांत एकच आकडा फिरत होता: विमान सहा हजार फूट कोसळले. आठवडाभराने सिंगापूरच्या अपघात तपास यंत्रणेने उपकरणांतल्या नोंदींवरून सांगितले, की त्या हिसक्यात विमान 4.6 सेकंदांत 178 फूट खाली आले होते. सहा हजार फुटांची उतरण नंतरची होती, वैमानिकांनी ठरवून, नियंत्रणात राहून केलेली. या दोन आकड्यांमधल्या अंतरात विमानप्रवासाची बरीचशी भीती राहते. आणि त्या आठ सेकंदांत हा प्रश्न राहतो, की पट्टा बांधायची सूचना प्रवाशाला यापेक्षा आधी, निदान शक्यता म्हणून तरी, मिळायला हवी होती का.

मिळायला हवी, आणि ती फुकट मिळायला हवी, असे माझे मत आहे. हे काही स्वप्नरंजन नाही. द्रवगतिशास्त्र शिकलेल्या एका अभियंत्याने टर्ब्ली नावाचे संकेतस्थळ उभे करून ते दाखवून दिले आहे. कुठून कुठे जायचे आणि कधी निघायचे एवढे सांगितले, की वाटेत कोणत्या टप्प्यावर किती टर्ब्युलन्स संभवतो याचा आलेख समोर येतो. पैसे लागत नाहीत. अशा कामाला लागणारा कच्चा माल म्हणजे अमेरिकेच्या नोआ या संस्थेची ग्लोबल फोरकास्ट सिस्टिम, जी जीएफएस नावाने ओळखली जाते. ती दिवसातून चार वेळा साऱ्या पृथ्वीच्या वातावरणाचा हिशेब नव्याने मांडते. आपल्या घड्याळात पहाटे साडेपाच वाजता जगभरच्या नोंदी धरून जो हिशेब सुरू होतो, त्याचे आकडे सकाळी नऊच्या सुमारास खुले व्हायला लागतात. प्रत्येक उंचीवरचा वारा, तापमान, आर्द्रता, सगळे त्यात असते. पुढच्या एकेका तासाच्या चित्राची फाईल साधारण पाचशे एमबीची. ती उतरवून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. ज्याला गणित येते आणि ज्याच्याकडे एक बऱ्यापैकी संगणक आहे, त्याला हे काम सुरू करता येते.

त्या आकड्यांतून टर्ब्युलन्स कसा काढतात हे समजून घेतले, तर या अंदाजाचे बळ आणि त्याची मर्यादा दोन्ही कळतात. लोक ज्याला एअर पॉकेट म्हणतात तसा हवेत खड्डा वगैरे काही नसतो. हवेचे दोन थर एकमेकांवरून वेगवेगळ्या वेगाने सरकतात. वेगातला फरक फार वाढला, आणि थरांना जागेवर धरून ठेवणारी स्थिरता कमी पडली, की त्यांच्या सीमेवर लाटा उठतात, त्या फुटतात आणि भोवरे तयार होतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांच्या नावाचा अंक नेमके हेच गुणोत्तर मोजतो. तो पाव या मूल्याच्या खाली गेला, की प्रवाह बिघडण्याची तयारी झाली असे समजायचे. 1992 मध्ये एलरॉड आणि नॅप यांनी वाऱ्याचा उभा फरक आणि आडवी ओढाताण यांचा गुणाकार करणारा एक साधा निर्देशांक मांडला. तो आजही जगभर वापरात आहे. ही सूत्रे पाठ्यपुस्तकांत आणि शोधनिबंधांत छापलेली आहेत, त्यांच्यावर कुणाची मालकी नाही. मात्र विमानाला हलवणारे भोवरे साधारण शंभर मीटर ते एक किलोमीटर आकाराचे असतात, आणि जीएफएसच्या खुल्या आकड्यांची जाळी जवळपास पंचवीस किलोमीटरची. म्हणजे या जाळीला भोवरा दिसतच नाही, भोवरे उठण्याजोगी परिस्थिती तेवढी दिसते. नदीच्या काठावर उभा असलेला जाणता माणूस बंधाऱ्याखाली पाणी कुठे घुसळणार ते सांगेल, पण वाहत आलेली काडी नेमकी कोणत्या भोवऱ्यात अडकेल ते सांगणार नाही. टर्ब्युलन्सचा अंदाज इतकेच सांगतो, आणि प्रवाशाला तेवढे पुरेसे उपयोगी आहे.

आता या व्यवहारातली विसंगती पाहा. कच्चा माल जगाला खुला आहे, पण त्यापासून तयार झालेली सर्वांत चांगली वस्तू दाराआड आहे. आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या व्यवस्थेत लंडन आणि वॉशिंग्टन इथली दोन केंद्रे साऱ्या जगाच्या विमानवाहतुकीसाठी वरच्या हवेचे अंदाज काढतात, त्यात टर्ब्युलन्सही असतो. ते आकडे मान्यताप्राप्त विमान वापरकर्त्यांपुरते असतात. विमान कंपन्यांची संघटना आयएटीए हिने 2018 मध्ये एक मंच जाहीर केला. त्यात सहभागी कंपन्यांची विमाने उडता उडता स्वतःला बसलेले हादरे आपोआप मोजतात आणि इतर विमानांना कळवतात. कल्पना उत्तम आहे, तिच्यामुळे वैमानिकांना खरोखर मदत होते. पण तीही सभासद कंपन्यांपुरती. अमेरिकेत चित्र थोडे निराळे आहे. तिथे नॅशनल सेंटर फॉर ॲटमॉस्फेरिक रिसर्च या संस्थेने सरकारी पैशातून विकसित केलेला टर्ब्युलन्सचा नकाशा एव्हिएशन वेदर सेंटरच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो, वैमानिकांनी आकाशातून कळवलेल्या नोंदीसुद्धा दिसतात. त्यामुळे तिथे काही अनर्थ झाल्याचे ऐकिवात नाही. हवामानाचे उपग्रह, फुगे, रडार आणि महासंगणक जगात सगळीकडे मुख्यतः करदात्यांच्या पैशावर चालतात. त्यांतून निघणारे ज्ञान विमान चालवणाऱ्याला मिळावे हे योग्यच, पण त्याच विमानात तिकीट काढून बसलेल्याला ते का मिळू नये, याचे पटेल असे उत्तर मला आजवर सापडलेले नाही.

टर्ब्युलन्समध्ये इजा कुणाला होते ते पाहिले, तर हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा उरत नाही. अमेरिकेच्या हवाई प्रशासनाच्या नोंदींनुसार 2009 ते 2022 या काळात तिथल्या विमानांत 163 जण टर्ब्युलन्समुळे गंभीर जखमी झाले. त्यांतले 129 कर्मचारी होते, 34 प्रवासी. कर्मचाऱ्यांचा आकडा एवढा मोठा का, हे उघड आहे. ते उभे असतात, ट्रॉली ढकलत असतात, पट्टा न बांधणाऱ्या प्रवाशाला विनवत असतात. त्याच देशाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने 2021 मध्ये सांगितले, की 2009 ते 2018 या दशकातल्या प्रवासी विमानांच्या अपघातांपैकी एक तृतीयांशाहून जास्त टर्ब्युलन्सचे होते आणि त्यांतल्या बहुतेकांत विमानाला काहीही झाले नव्हते. विमान धडधाकट राहते, माणूस मोडतो. ज्याचा पट्टा बांधलेला असतो त्याला सहसा गंभीर इजा होत नाही. म्हणजे या धोक्यावरचा उपाय प्रवाशाच्या मांडीवरच असतो, कमी पडते ती वेळेवर मिळालेली माहिती. निघाल्यावर दुसऱ्या तासाला विमान बरेच हलणार आहे हे आधी कळले, तर आजोबांना स्वच्छतागृहात त्याआधी नेऊन आणता येते, लेकराला मांडीवर झोपवण्यापेक्षा शेजारच्या आसनावर पट्टा लावून बसवता येते, गरम चहा नको म्हणता येतो. दक्षिण कोरियाच्या कोरियन एअरने ऑगस्ट 2024 मध्ये इकॉनॉमी वर्गातल्या प्रवाशांना उकळत्या पाण्यातले नूडल्स देणे याच कारणाने बंद केले. सिंगापूर एअरलाइन्सने त्या अपघातानंतर पट्ट्याची खूण लागलेली असताना गरम पेये आणि जेवण वाढणे थांबवले. कंपन्या शिकल्या. प्रवाशालाही शिकता येईल, त्याला सांगितले तर.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: लोक घाबरतील. आधीच विमानाला भिणारा माणूस आलेखावरचा लाल पट्टा पाहून तिकीट रद्द करेल. हा आक्षेप ऐकला की मला आपल्याकडचाच एक अनुभव आठवतो, तो देशाचा अनुभव आहे. 1999 च्या ऑक्टोबरमध्ये ओडिशात आलेल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. 2019 मध्ये फानी वादळ त्याच किनाऱ्यावर आले तेव्हा लोकांना दिवस दिवस आधी, त्यांच्या भाषेत, पुन्हा पुन्हा सांगितले गेले. बारा लाखांच्या आसपास माणसे हलवली गेली आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. लोक घाबरून सैरावैरा पळाले नाहीत, निवाऱ्यात गेले. पुण्याच्या पाषाणमधल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, दामिनी हे ॲप काढले. आपण उभे आहोत त्या परिसरात वीज पडण्याचा धोका आहे का, हे ते शेतकऱ्याला फुकट सांगते. रानात एकटा असलेला माणूस घाबरेल म्हणून ते लपवून ठेवा, असे कुणी म्हटले नाही. यलो अलर्ट, ऑरेंज अलर्ट, रेड अलर्ट हे शब्द आता गावोगावच्या शाळांतल्या पोरांना पाठ आहेत. मग तिकीट काढून विमानात बसलेला माणूसच नेमका इतका कच्च्या दिलाचा का धरायचा? उलट भित्र्या प्रवाशाचा त्रास वेगळाच असतो. पुढे काय होणार आणि किती वेळ होणार, हे त्याला कळत नाही. वीस मिनिटे हलेल, मग शांत होईल, हे आधीपासून ठाऊक असलेला माणूस त्या वीस मिनिटांत घड्याळाकडे पाहत बसू शकतो. त्याच्या जोडीला एवढे सांगितले, की प्रवासी विमानाचा पंख प्रमाणित करताना उड्डाणात अपेक्षित असलेल्या कमाल भाराच्या दीडपट भार त्याने पेलावा लागतो, आणि बोइंग 777 चा पंख 1995 च्या चाचणीत 154 टक्क्यांपर्यंत वाकवल्यावर मगच मोडला, तर आकडे भीती घालवण्याचे कामही करतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि त्याला झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. अंदाज चुकेल, आणि हिरवा आलेख पाहून निर्धास्त झालेला माणूस पट्टा सोडून बसेल. भारतासारख्या देशात ही शंका अधिक खरी आहे. उंचावरच्या वेगवान वाऱ्याच्या झोताजवळ निरभ्र आकाशात होणारा टर्ब्युलन्स एक दिवस आधी बऱ्यापैकी सांगता येतो, कारण तो झोत शेकडो किलोमीटर लांबरुंद असतो आणि हळूहळू सरकतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर पश्चिमेकडून वाहणारा झोत असा असतो. पावसाळ्यात द्वीपकल्पावर पूर्वेकडून वाहणारा झोतही तसाच, ज्याचे वर्णन भारतीय हवामान खात्याचे पी. कोटेश्वरम यांनी 1958 मध्ये जगापुढे मांडले. पण आपल्याकडचे वाईट हादरे पुष्कळदा गडगडाटी ढगांचे असतात. 1 मे 2022 रोजी मुंबईहून दुर्गापूरला गेलेल्या स्पाइसजेटच्या विमानाला उतरताना असेच हिसके बसले. चौदा प्रवासी आणि तीन कर्मचारी जखमी झाले, एक प्रवासी काही महिन्यांनी दगावला. पूर्व भारतातला तो कालबैसाखीचा, वादळी ढगांचा मोसम. असा ढग तासाभरात उभा राहतो आणि पंचवीस किलोमीटरच्या जाळीत तो हरवून जातो. आदल्या दिवशी काढलेल्या फुकट आलेखाने हा किंवा एसक्यू 321 चा अपघात टळला असता, असा दावा मी करणार नाही. कुणी केला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

पण अंदाज अपुरा आहे म्हणून तो देऊच नये, हा निष्कर्ष यातून निघत नाही. तो देण्याची रीत सुधारावी, हा निघतो. पहिली गोष्ट म्हणजे निरभ्र आकाशातला टर्ब्युलन्स आणि ढगांचा टर्ब्युलन्स वेगवेगळे दाखवावेत, एकाच रंगात कालवू नयेत. ढगांच्या मोसमात आलेखावर ठळक अक्षरांत लिहावे, की हा भाग उद्याचा आहे, याची खात्री कमी आहे, निघायच्या दोन तास आधी पुन्हा पाहा. शांत टप्प्यासाठी हिरवा रंगच वापरू नये असे मला वाटते, कारण हिरवा म्हणजे बिनधोक हे आपल्या डोळ्यांना सवयीचे झाले आहे. आणि विमान कोणते, हेही सांगावे. हवेची खळबळ मोजण्याचे आंतरराष्ट्रीय माप विमानावर अवलंबून नसते. ते हवेतल्या भोवऱ्यांची ऊर्जा किती वेगाने विरते ते मोजते. पण त्याच हवेत तीनशे टनांचे विमान किंचित डोलते आणि कोल्हापूर किंवा नाशिककडे जाणारे पंख्याचे छोटे एटीआर चांगलेच उसळते. त्यातून एटीआर पंचवीस हजार फुटांच्या वर जाऊ शकत नाही, म्हणून उंच ढगांवरून जाण्याची सोय त्याला नसते. प्रवाशाला ढोबळमानाने सौम्य, मध्यम, तीव्र एवढे सांगून भागत नाही. तो बसणार आहे त्या विमानात काय जाणवेल ते सांगितले, तर तो अंदाज त्याच्या कामाचा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अंदाज चुकला की बरोबर आला याचा जाहीर हिशेब. हवामान खात्याचा अंदाज चुकला अशी तक्रार आपण पिढ्यानपिढ्या करत आलो, पण किती वेळा चुकला आणि किती वेळा जमला, हे कधी विचारले नाही. घरात बसून संकेतस्थळ चालवणाऱ्या अभियंत्याकडे पडताळणीसाठी आकाशातल्या नोंदी नसतात, ही त्याची खरी अडचण आहे, गणिताची अडचण नाही. अमेरिकेवरच्या मार्गांसाठी वैमानिकांच्या खुल्या नोंदींशी ताडून पाहता येते. भारतीय आकाशासाठी असा हिशेब मांडायचा, तर विमान कंपन्यांकडे जमा होणाऱ्या हादऱ्यांच्या नोंदी, कंपनीचे आणि वैमानिकाचे नाव काढून, जागा, वेळ, उंची आणि तीव्रता एवढ्याच स्वरूपात खुल्या व्हायला हव्यात. नाव काढल्यावर त्यात कुणाची बदनामी होत नाही, कुणाचे गुपित फुटत नाही. त्यातून सरकारी अंदाजही सुधारेल आणि खासगी संकेतस्थळांपैकी कुणाचे ऐकायचे, हेही लोकांना ठरवता येईल. फुकट मिळते म्हणून कसेही चालेल, ही सवलत मी कुणाला देणार नाही. फुकट अंदाजालाही खरे ठरण्याची जबाबदारी असते.

तिसरा आक्षेप वैमानिकांच्या बाजूने येतो, तो असा, की मार्ग ठरवणे, उंची बदलणे, खूण लावणे ही प्रशिक्षित माणसांची कामे आहेत, अर्धवट माहितीवर प्रवाशांनी त्यात नाक खुपसू नये. याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. असे संकेतस्थळ उड्डाणाचा आराखडा आखण्यासाठी नसते, नसावे, आणि तसे त्याच्या पहिल्याच पानावर लिहिलेले असावे. पण प्रवाशाने पट्टा बांधून बसणे, लेकराचे आसन काढणे, दुपारच्याऐवजी सकाळचे विमान धरणे, यात वैमानिकाच्या अधिकाराला धक्का कुठे लागतो? जमीन तापून ढग चढायच्या आतले सकाळचे विमान उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात बहुधा कमी हलते. हे वैमानिकांच्या घरच्यांना ठाऊक असते, तेवढे सर्वांना ठाऊक व्हावे. 2024 या एका वर्षात देशांतर्गत विमानांनी सोळा कोटींहून अधिक प्रवासी गेले. त्यांत पहिल्यांदा विमानात बसणाऱ्यांची संख्या मोठी आहे. अमेरिकेतल्या मुलीच्या बाळंतपणाला निघालेले आईवडील पंधरा-सोळा तास त्या आसनावर असतात. खूण विझली की पट्टा काढायचा असतो, असे त्यांतल्या बहुतेकांना वाटते. बसलेले असताना पट्टा कायम बांधलेला ठेवा, ही सूचना इंग्रजी-हिंदीत घाईघाईने उरकली जाते.

हा प्रश्न दिवसेंदिवस कमी होईल अशीही चिन्हे नाहीत. ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी 2023 मध्ये दाखवले, की उत्तर अटलांटिकवरच्या एखाद्या सरासरी ठिकाणी निरभ्र आकाशातला तीव्र टर्ब्युलन्स 1979 मध्ये वर्षाला 17.7 तास असे, तो 2020 पर्यंत 27.4 तासांवर गेला, म्हणजे 55 टक्के वाढला. मध्यम प्रतीचा 37 टक्के वाढला. तापणाऱ्या वातावरणात झोताजवळ वाऱ्याच्या थरांतला फरक वाढतो, हे त्यामागचे कारण. वर्षाच्या 8,760 तासांत 27 तास म्हणजे अजूनही थोडेच, हेही सांगायला हवे. या अभ्यासाचा आधार असलेला चाळीस वर्षांच्या वातावरणाचा संचही युरोपीय हवामान केंद्राने जगाला फुकट दिलेला आहे. खुल्या आकड्यांवरूनच धोका वाढल्याचे कळले.

आता आपल्या दाराशी येऊ. हवामान खात्याचे मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्याला आले, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले, पण हवामानाचे गणित पुण्यात राहिले. आयआयटीएमने विकसित केलेली भारत फोरकास्ट सिस्टिम मे 2025 मध्ये देशाला अर्पण झाली. तिची जाळी सहा किलोमीटरची आहे, जीएफएसच्या खुल्या आकड्यांपेक्षा चौपट बारीक, आणि ती चालवणारा अर्क नावाचा महासंगणक पाषाणमध्येच आहे. सह्याद्रीवरून उठणाऱ्या लाटा, काश्मीरच्या डोंगरांमागचे भोवरे, बंगालचे वादळी ढग यांचे चित्र अशा बारीक जाळीत कितीतरी स्पष्ट उमटते. या प्रणालीतून निघणारे वरच्या हवेतले वारे आणि तापमान, चित्रांच्या नव्हे तर आकड्यांच्या रूपात, रोज ठरलेल्या वेळी, कुणालाही अर्ज न करता उतरवून घेता यावेत, अशी माझी ठाम मागणी आहे. नकाशाचे चित्र पाहता येते, त्यावर गणित करता येत नाही. हवामान खाते विमानतळांवर वैमानिकांना माहिती देते, मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईच्या केंद्रांतून धोक्याचे इशारे काढते. त्याच माहितीची प्रवाशाला समजेल अशी मराठी, हिंदी, बंगाली, तमिळ आवृत्ती काढणे खात्याला जड नाही. दामिनी काढणाऱ्या शहराला हे सहज जमेल.

कुणी म्हणेल, सरकारने दिले तर एकट्या अभियंत्याची गरजच काय. गरज आहे, कारण सरकारी खाते सर्वांसाठी एकच नकाशा काढते. कुणी उतारवयातल्या प्रवाशांसाठी काढेल, कुणी विमानाला भिणाऱ्यांसाठी, कुणी केबिन क्रूला जेवण कधी वाढावे ते सांगण्यासाठी. ते सगळे एका कार्यालयातून निघत नाही. अमेरिकेने लँडसॅट उपग्रहाची चित्रे 2008 मध्ये मोफत केली, तेव्हा ती इतक्या विविध कामांना लागली, की विकत होती तेव्हा कुणी कल्पनाही केली नसती. एकट्याच्या कामातला धोकाही मला दिसतो. त्याचा उत्साह संपला, सर्व्हरचे बिल थकले, की संकेतस्थळ बंद पडते. जाहिरातींवर जगायचे ठरवले, तर भीती विकण्याचा मोह होतो. जगातल्या सर्वांत जास्त हादरवणाऱ्या मार्गांच्या याद्या दरवर्षी बातम्यांत येतात, अँडीज ओलांडणारा सान्तियागो ते मेंडोझा हा मार्ग त्यांत वर असतो. या याद्यांना आम्ही वृत्तपत्रांनी जेवढी जागा दिली, तेवढी पट्टा बांधून बसण्याला दिली नाही, हा आमचा दोष आहे. म्हणूनच आकडे सरकारचे, खुले आणि कायमचे असावेत. त्यावरची संकेतस्थळे येतील, जातील, एक बंद पडले तर दुसरा कुणी उभे करेल.

पुण्या-मुंबईत, नाशकात, नागपुरात दरवर्षी हजारो तरुण अभियांत्रिकीचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प शोधत असतात. त्यांच्या मार्गदर्शकांना माझी विनंती आहे, की एखाद्या गटाला हे काम द्या. मुंबई ते दिल्ली, पुणे ते कोलकाता असे चार-पाच मार्ग घ्या, वर्षभर रोजचा अंदाज काढा, मिळतील तेवढ्या नोंदींशी ताडा आणि चुकांसकट सगळे मराठीत मांडा. सुरुवातीला जीएफएस पुरेसे आहे. पहाटे साडेपाचचे आकडे उद्याही सकाळी नऊच्या सुमारास खुले होतील.